तंजावरची पाळकशाळा

तिरुवैयारु म्हटले की आपल्याला त्यागराज आठवतात आणि पौष वद्य पंचमीची आराधना आठवते. कावेरीकाठच्या या गावापासून तंजावर सुमारे १३ किलोमीटर. त्यागराज (१७६७–१८४७) इथे कृती रचत होते, त्याच काळात तंजावरात, भोसल्यांच्या राजधानीत, ख्रिस्ती मंडळ्यांसाठी पाळक आणि उपदेशक तयार होत होते. मराठ्यांच्या राज्यात घडलेली ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

सुरुवात समुद्रकाठच्या तरंगंपाडीत झाली. तिथे १७०६ मध्ये आलेल्या मिशनरी त्सीगेनबाल्गने १७१६ मध्ये देशी सेवक घडवण्यासाठी छोटी सेमिनरी काढली. तिच्याच परंपरेतल्या आरोन या तमिळ उपदेशकाला १७३३ मध्ये पाळकीय दीक्षा मिळाली.

तंजावरात ही परंपरा रुजवली ती मिशनरी ख्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्ट्झने. तंजावरच्या तुळजाजी राजांनी मरणापूर्वी छोट्या सरफोजीची काळजी त्याच्यावर सोपवली, तो हाच. त्याची शाळा म्हणजे त्याचा दिनक्रमच होता. सकाळी उपदेशकांसह प्रार्थना आणि पाठ, मग त्यांना गावोगाव पाठवायचे आणि परत आल्यावर कोण काय म्हणाले, उत्तर काय दिले, हे ऐकून घ्यायचे. यातला सत्यनाथन १७९० मध्ये पाळक झाला.

त्याला जिथे पाठवले तिथली गोष्ट मराठी माणसाने तरी विसरू नये. पाळयंकोट्टैची क्लॅरिंडा ही मराठी ब्राह्मण विधवा. श्वार्ट्झने १७७८ मध्ये तिचा बाप्तिस्मा केला. तिच्या पुढाकाराने तिथे मंडळी उभी राहिली आणि प्रार्थनामंदिर बांधले गेले. आधी मंडळी, मग पाळक, असा हा क्रम होता. माणसे जमली, त्यांनी गरज सांगितली आणि तंजावरने माणूस दिला.

श्वार्ट्झचा सर्वांत गुणी शिष्य मात्र पाळक झालाच नाही. वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) तिरुनेलवेलीकडचा. श्वार्ट्झने त्याला लहान वयातच तंजावरला आणले. पुढे तरंगंपाडीत तो धर्मशास्त्राबरोबर विज्ञानही शिकला आणि विशीच्या आसपास तंजावरच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याने भविष्य सांगणाऱ्या कुरत्तीचे तमिळ लोकनाट्य उचलले आणि १८०० च्या सुमारास ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचले. त्यात ख्रिस्तकथेसोबत कोपर्निकसची सूर्यमालाही येते. सरफोजी राजांनी हाच नाट्यप्रकार घेऊन मराठीत ‘देवेंद्र कोरवंजी’ लिहिली आणि जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला. एकाच गुरूच्या छायेत वाढलेल्या दोघांनी एकाच साच्यात नवे ज्ञान ओतले, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. लोकांना जे गाणे येते त्यातूनच लोकांशी बोलायचे, हे शास्त्रीला उमगले होते.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. नव्या मिशनऱ्यांनी मंडळीतला जातिभेद मोडायला घेतला, तेव्हा वेल्लाळ जातीच्या शास्त्रीने कडाडून विरोध केला. १८२९ च्या या वादात त्याची नोकरी गेली आणि सरफोजींनी त्याला दरबारात आश्रय दिला. परकी शिस्त लोकांच्या रीतीभाती पुसते आहे, ही त्याची तक्रार काही अंशी रास्त होती. प्रभुभोजनालाही वेगळे बसण्याचा आग्रह मात्र रास्त नव्हता. एवढ्या चांगल्या शिक्षणाने त्याला सगळे दिले, शेजारी बसायला तेवढे शिकवले नाही.

पुढे महाराष्ट्रात १९०४ मध्ये दीक्षित झालेले आणि अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवणारे ना. वा. टिळक यांनी भजन-कीर्तन प्रार्थनेत आणले. लोकांच्या गाण्यातून बोलण्याची तंजावरची वाटच त्यांनी मराठीत चालवली. आज मराठी मंडळ्यांसाठी पाळक तयार करणाऱ्या सेमिनऱ्यांना माझी विनंती आहे: कीर्तन हा ऐच्छिक छंद न ठेवता परीक्षेचा विषय करा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक वर्ष स्वतःच्या जातीबाहेरच्या वस्तीतल्या मंडळीत सेवेला पाठवा.