पिण्याच्या पाण्याची तपासणी : अहवाल कोणासाठी?

धाराशिव जिल्ह्यात पाण्याची चर्चा निघाली की ती बहुधा पाणी किती, येथे सुरू होते आणि तेथेच संपते. मांजरा, तेरणा, सीना ही नावे मोठी. परंतु टंचाईच्या वर्षी त्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी बालपणी पाहिली आहे. टँकरमागे घागरींची रांग लागते तेथे पाणी कसे आहे, हा प्रश्न चैनीचा वाटावा यात नवल नाही. वस्तुतः टंचाईतच तो अधिक निकडीचा असतो. विहिरीने तळ गाठला की उरल्यासुरल्या पाण्यात घाण दाटते, आणि एरवी जे पाणी कोणी तोंडी लावले नसते तेही पिण्यासाठी भरले जाते.

या भागाला हा धडा नवा नाही. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरणाऱ्या मराठवाड्याला नारूने पिढ्यान्‌पिढ्या पिडले. पुढे काळ्या पाषाणात विंधन विहिरी घेतल्या गेल्या. शेजारच्या सोलापुरात घडलेल्या हातपंपावरून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. पाण्यात पाय बुडविण्याचे कारण उरले नाही. नारूचा देशातील अखेरचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला. मात्र खडकातून येणारे नितळ पाणी निर्दोषच असते, ही समजूतही त्याच हातपंपाबरोबर घरोघर पोचली.

ती खरी नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत मराठवाड्याच्या संदर्भात नायट्रेटचा उल्लेख वारंवार येतो. उकिरडे, शौचालयांचे खड्डे, शेतातील युरिया यांतून ते जमिनीत झिरपते. त्याला रंग नाही, वास नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा असून तीत कोणतीही सवलत नाही. कारण तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती ते क्षीण करते. पाणी उकळल्याने ते जात नाही; उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. जंतुनाशक पावडरीचाही त्याच्यावर इलाज चालत नाही.

राज्याची तपासणीची व्यवस्था कागदावर तरी तोकडी नाही. एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते; सतत पाच वर्षे हिरवे राहिले आणि साथ उद्भवली नाही तर चंदेरी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल टाकतो. अर्ध्या तासाने ओ.टी. चाचणीत पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे. जैविक तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक एकदा व्हावी, असा दंडक आहे. २०१९ मध्ये आलेल्या जल जीवन मिशनने तर गावातील पाच महिलांच्या हाती तपासणीचे संच देण्याचे ठरविले.

पण कार्ड नेमके काय सांगते? गळक्या वाहिन्या, विहिरीभोवतीची घाण, टीसीएलचा साठा यांवरून ते साथीचा धोका जोखते. हिरव्या कार्डाच्या गावातील हातपंपाला नायट्रेट असू शकते, आणि त्यात कार्ड देणाऱ्याची लबाडीही नसते. शिक्षकाने शुद्धलेखनाचे गुण दिले म्हणून गणित आले असे होत नाही, तसेच हे. गल्लत होते ती कार्डाकडे शुद्धतेचा दाखला म्हणून पाहण्यात.

नोंद आणि सत्य यांत अंतर पडले की काय होते, हे कॅनडातील वॉकरटन या पाच हजार वस्तीच्या गावाने २००० सालच्या मे महिन्यात अनुभवले. मुसळधार पावसाने गुरांचे शेण विहिरीत उतरले. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी क्लोरिनच्या नोंदी वर्षानुवर्षे खोट्या लिहीत होते, हे चौकशीत निष्पन्न झाले. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, प्रयोगशाळेला दोष सापडला होता. परंतु अहवाल गेला तो केवळ पाणीपुरवठा करणाऱ्याकडे. त्याने तो आरोग्य खात्यापासून दडवला. पुढे प्रतिकूल अहवाल प्रयोगशाळेने थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळविणे तेथे सक्तीचे झाले.

आपल्याकडे नमुन्यांचे निष्कर्ष आता संगणकीय प्रणालीवर चढतात आणि कोणालाही पाहता येतात, हे खरे. परंतु भूम वा लोहारा तालुक्यातील वस्तीवर घागर भरणारी बाई संकेतस्थळ पाहून हातपंपाकडे जात नाही. तिला कळायचे असेल तर ते हातपंपाच्या ओट्यावर, रंगाने वा दोन शब्दांत लिहिलेले हवे : नमुना कधी घेतला, काय आढळले, पाणी प्यावे की केवळ वापरावे. त्याला मोठा खर्च नाही. शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आणि वरच्या वर्गातील मुले हे काम सहज करू शकतील.

ग्रामसभेतही हे अहवाल वाचता येतील. एप्रिलचे सर्वेक्षण आटोपताच १ मे रोजी ग्रामसभा भरते. तो योग जुळून येतो. ऑक्टोबरच्या सर्वेक्षणाचे मात्र तसे नाही. प्रथेप्रमाणे २ ऑक्टोबरची सभा त्याआधीच उरकलेली असते आणि पुढची भरते २६ जानेवारीला. पावसाळ्यात दूषित झालेल्या विहिरीची वार्ता गावाला तोवर कळायची नसेल, तर त्या तीन महिन्यांसाठी एक जादा सभा बोलावण्यास कोणाचीच आडकाठी नसावी.