खेळातला लिंबूटिंबू

विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या या खेळांना भांडवल फारसे लागत नसे. लागत ते सवंगडी. राज्य कोणावर, गडी बाद की नाही, याचा निवाडा मुलेच करीत. भांडण होई, कट्टी होई आणि दुसऱ्या दिवशी तेच गडी पुन्हा अंगणात जमत. धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेतले जाई. त्याच्यावर राज्य येत नसे. दुर्बलाला सांभाळून घेण्याचा तो पहिला पाठ होता.

१९७२ साली अमेरिकेत ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम आला. १९८९ मध्ये जपानच्या निन्टेंडोने ‘गेम बॉय’ मुलांच्या हाती दिला आणि १९९७ मध्ये नोकियाच्या मोबाइलवर ‘स्नेक’ वळवळू लागला. अंगणातला खेळ खिशात मावला. डोळा आणि हात यांचा मेळ यंत्रानेही शिकवला, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याचे नियम आधीच ठरलेले; त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही की समेटही करता येत नाही. शिवाय दिवेलागणीला आईची हाक आली की जुना डाव मोडे. पडद्यावरचा डाव संपता संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा अनावर खेळण्याची गणना विकारांत केली, ती उगाच नव्हे.

मोबाइल हिसकावून घेतल्याने अंगण परत येत नाही. त्यासाठी सुटीच्या संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांनी सात ठिकऱ्या रचाव्यात आणि नातवंडांच्या डावात स्वतः लिंबूटिंबू होऊन उतरावे.