लव्हेंडर : कुंडीतले आणि शेतातले



आमच्या शेतकी खात्याला गट ऑफिसात हल्ली एक नवाच प्रश्न ऐकू येतो. "साहेब, लव्हेंडरचं बी मिळतं म्हणे. खोडवा मोडून अर्धा एकर करून बघू का?" मोबाईलवर जांभळी शेते दिसतात, बियांची पाकिटे घरपोच येतात, मग मोह होणारच. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. घरी कुंडीत हौसेने जरूर लावा, पण त्यापायी खोडवा मोडू नका.

कारण उसावरूनच समजेल. उसाला तुरा येतो, तुऱ्यात बीही धरते, पण ते आपण पेरत नाही. बियाचे काम कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्राचे, तेही १९१२ पासून. बियातून आलेला प्रत्येक ऊस निराळा निपजतो. को ८६०३२ ही जात को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निवडली, आणि निवडल्यावर ती टिपरीनेच वाढवली. लव्हेंडरचेही तसेच. बियाची दहा रोपे दहा तऱ्हांची, वास निराळा, फुलोरा मागेपुढे. म्हणून तेलासाठी पीक घेणारा शेतकरी फाटे कलमाची रोपे लावतो. फ्रान्समध्ये तेलासाठी मोठ्या प्रमाणावर लावतात त्या लव्हांडिन या संकराला तर बीच धरत नाही.

आपल्या देशात हे पीक जम्मूकडील भद्रवाहला जमले. तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी ते घेतले. पण त्यामागे जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने दिलेली रोपे, तेल काढण्याची यंत्रे आणि अरोमा मिशनचा आधार होता. २०२२ साली तिथे लव्हेंडर महोत्सवही भरला. शिवाय तो डोंगरी मुलूख, हिवाळ्यात बर्फ पडणारा. आपली काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा त्या पिकाला मानवणारा नाही.

आता कुंडीचे सांगतो, कारण त्यात खरी गंमत आहे. बी अगदी बारीक आणि झोपाळू. त्याला आधी थंडी दाखवावी लागते. घटस्थापनेला ते ओलसर वाळूत मिसळून झाकणाच्या डबीत फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. दिवाळीच्या सुमारास काढून पेरावे, म्हणजे रोपांना आपला हिवाळा मिळतो. पसरट कुंडीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि निम्मी चाळलेली हलकी माती घ्यावी. बी वरच पसरावे आणि वाळूची नुसती पूड भुरभुरावी. उगवायला त्याला उजेड लागतो, खोल गाडले तर येत नाही. उगवण दोन ते चार आठवड्यांनी, तीही एकसारखी नाही. सगळे बी उगवेल अशी आशा धरू नये आणि आठ दिवसांत कुंडी उलटीही करू नये!

पाणी तळातून द्यावे. कुंडी घमेल्यातल्या पाण्यात ठेवून माती ओली झाली की काढावी. वरून धार धरली की कोवळी रोपे कोलमडतात. चार-सहा पाने झाली की प्रत्येक रोप वेगळ्या कुंडीत न्यावे, चार बोटे वाढल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात. आमच्या सभासदांचा हात सैल, म्हणून मुद्दाम सांगतो. इथे युरिया नको आणि कारखान्याचे प्रेसमडचे खतही नको. माजलेले रोप मऊ पडते. ऊन मात्र भरपूर हवे, फक्त वैशाखातले दुपारचे ऊन टाळावे. पावसाळ्यात कुंडी पडवीत किंवा पत्र्याखाली वाऱ्याला ठेवावी. झाड उन्हाने मरते त्याहून जास्त पायाशी साचलेल्या पाण्याने मरते.

फूल बहुधा दुसऱ्या वर्षी. थंडी कमी पडली तर तेही कमीच. पण पानांनाही वास असतो, वाळवून कपाटात ठेवली तरी कपड्यांना उतरतो.

जाता जाता एक. लव्हेंडरचे रानटी भावंड आपल्या सह्याद्रीतही आहे, लॅव्हेंड्युला गिब्सोनी. मुंबई इलाख्याचे वनाधिकारी अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव त्याला मिळाले. बाजारातले तेल त्याचे नव्हे, तेव्हा ते उपटून आणू नये.

पाकीट घेताना त्यावरची जात वाचावी. अंगुस्टिफोलिया ही थंडीची, डेंटाटा आपल्या उन्हाला जास्त टिकते. नुसते 'लव्हेंडर' आणि जांभळे चित्र छापले असेल तर दुकानदाराला परत द्यावे.