रानवाटेची मोटरसायकल आणि दातांचे गणित

कामगारांच्या मागण्यांवर बोलणारा माणूस आज मोटरसायकलीवर बोलतो आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु यंत्राची सुधारणा कोणाच्या हातून होते, हा प्रश्न माझ्या नेहमीच्या विषयापासून फार दूर नाही.

जपानच्या होंडा कंपनीने १९५८ साली 'सुपर कब' ही छोटी गाडी काढली. इंजिन ४९ घनसेंटिमीटरचे, गियर तीन आणि हाताने दाबावयाचा क्लच नाही. मालपोच करणाऱ्या पोऱ्याला ती एका हाताने चालवता यावी, हा हेतू. अर्थात गाडी शहराची. १९५९ साली कंपनी अमेरिकेत गेली. तेथे आयडाहो राज्यातील बॉइझी गावच्या हर्ब उल या विक्रेत्याने हीच गाडी डोंगर चढण्याजोगी केली. त्याचा खप पाहून कंपनीने चौकशी केली आणि १९६१ च्या सुमारास 'ट्रेल ५०' बाजारात आली.

उलने केले काय? मागच्या चाकाला मोठे दातेरी चक्र आणि जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर बसवला. यातील गणित सोपे आहे. समजा, पुढच्या चक्राला १४ दात आहेत आणि मागच्याला ४२. पुढचे तीनदा फिरले की मागचे एकदा फिरेल. मागे ७० दातांचे चक्र घातले, तर पुढच्याला पाच फेरे मारावे लागतील. चाकाचा जोर तीनास पाच या प्रमाणात वाढला. पण ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी ५० किलोमीटर जात होती, त्याच फेऱ्यांवर आता ३० जाईल. जोर फुकट मिळत नाही, त्याची किंमत वेगात मोजावी लागते. म्हणून 'ट्रेल ५०' ला मागे लहान आणि मोठी अशी दोन चक्रे होती. रानाच्या तोंडाशी साखळीला जादा तुकडा जोडून ती मोठ्या चक्रावर चढवायची. पुढे 'सीटी ९०' मध्ये यासाठी जादा गियरपेटीच आली.

बाकीची कामे क्रमाने सांगतो. पायांपुढचे पत्रे काढावेत, कारण ते झुडपांत अडकतात. इंजिनाखाली जाड पत्रा लावावा. मडगार्ड आणि टायर यांत चिखल अडकणार नाही इतकी फट हवी. सायलेन्सर वर उचलावा. मात्र त्याहून महत्त्वाची हवा आत घेणारी वाट होय. तेथून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टायरमधील हवा थोडी कमी केली की पकड वाढते. फार कमी केली, तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व तुटतो. ओढ्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवावेत. ओले ड्रम उतारावर दगा देतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार त्याने चालत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

२०१७ साली या कुळातील गाड्यांचे उत्पादन १० कोटींवर गेले आणि २०२० साली 'सीटी १२५' ही रानवाटेची नवी गाडी आली. तिची वंशावळ मागे नेली, तर ती बॉइझीच्या दुकानातील मोठ्या चक्रापाशी पोचते. कारखान्यांतही यंत्राची खोड प्रथम त्यावर हात चालवणाऱ्यालाच कळते. भिंतीवर सूचनापेटी टांगून काम भागत नाही. ती उघडली पाहिजे, सूचना करणाऱ्याचे नाव नोंदले पाहिजे आणि सुधारणेतून फायदा झाला, तर त्याचा वाटाही त्याला मिळाला पाहिजे. होंडाने दूरच्या गावातील एका विक्रेत्याचे काम पाहिले आणि त्यावरून शिकली. आपल्या कारखानदारांनी आपल्याच छपराखालच्या माणसाला एवढे विचारावे, ही मागणी काही अवाजवी नाही.