लिबरल आर्ट्‌स कॉलेज : अर्ज भरण्याआधी

आष्टीसारख्या (ता. परतूर, जि. जालना) गावातून बारावीनंतर अनेक विषय एकत्र शिकवणारा हा मार्ग निवडताना पुढील गोष्टी तपासा.

● पर्याय : पुण्यात सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्‌स (स्थापना २०११) व फ्लेम विद्यापीठ (२०१५), बंगळुरूत अझीम प्रेमजी विद्यापीठ (२०१०).

● विषय : अर्थशास्त्रासोबत साहित्य किंवा पर्यावरणही शिकायचे असेल तर उत्तम. परिचारिका, वकील, अभियंता व्हायचे पक्के असेल, तर थेट तोच अभ्यासक्रम घ्या.

● भाषा : शिकवणे, चर्चा, निबंध सारे इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी भाषेचे पूरक वर्ग आहेत का, विचारा.

● खर्च : शिक्षणशुल्क, वसतिगृह, मेस आणि प्रवास यांची पूर्ण कालावधीची बेरीज करा. अझीम प्रेमजी विद्यापीठात कौटुंबिक उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते.

● वर्ग : लहान वर्गात शिक्षक नावानिशी ओळखतात, पण बोलावेही लागते. एका वर्गात किती मुले, हे विचारा.

● पदवी : यूजीसीची मान्यता तपासा. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी यूपीएससी नागरी सेवा परीक्षेला चालते.

● शेवटी : शिकत असलेल्या मराठी विद्यार्थ्यांशी बोला. प्रवेश अवघड आहे म्हणून कॉलेज आपोआप योग्य ठरत नाही. मुलाची ओढ आधी पाहा.