बी. टी. सरांचे कागद

मी पुण्याचा निवृत्त प्राध्यापक. पेन्शनीचं काही अडलं की आमच्या कट्ट्यावर अजून अमरावतीच्या प्रा. बी. टी. देशमुखांचं नाव निघतं. संघटना म्हटली की आम्हाला घोषणा आठवायच्या; सरांचं हत्यार कागद. त्यांची संघटना 'नुटा', म्हणजे नागपूर युनिव्हर्सिटी टीचर्स असोसिएशन. तिच्या बुलेटिनमध्ये शासन निर्णय (म्हणजे जीआर), पत्रव्यवहार जसेच्या तसे छापलेले. वाचायला रूक्ष, खरं सांगतो! पण साहेबांपुढे जीआरचा क्रमांक नि तारीख ठेवली की उडवाउडवी थांबते. 1980 ते 2010 सर विधान परिषदेत पदवीधरांचे आमदार होते. तिथेही तेच, विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे घेऊन भांडायचे. तुमचंही काही अडलं असेल, तर आधी जीआर शोधा.