मुलीचा बस्ता बांधण्यापूर्वी

तुळशीचे लग्न लागले की आपल्या अहमदपूर तालुक्यात घरोघर सोयरिकीची बोलणी सुरू होतात. सोयाबीनची रास घरात आलेली असते, तूर फुलोऱ्यात असते, आणि पाहुण्यांच्या बैठकीत सुपारी फुटली की पुढचा प्रश्न ठरलेला: बस्ता कधी आणि कुठे? कोणी लातूरच्या गंजगोलाईचे नाव काढतो, कोणी नांदेडच्या वजिराबादचे, कोणाला उदगीर सोयीचे वाटते.

शेतीचे सांगणाऱ्या माणसाने साड्या-दागिन्यांवर का लिहावे, असे एखाद्या भगिनीला वाटेल. कारण साधे आहे. ज्या घरात वैशाखात बस्त्याचा हिशेब चुकतो, त्या घरात मृगाला बियाण्यासाठी पैसा नसतो. म्हणून मुलीची हौसही व्हावी आणि खरिपाची पेरणीही अडू नये, यासाठी चार गोष्टी सांगत आहे.

आधी आकडा, मग दुकान

बहुतेक घरी आधी दुकान गाठले जाते आणि आकडा नंतर कळतो. हे उलटे करा. एका कागदावर पाच रकाने पाडा: मुलीची वस्त्रे, दागिने, किरकोळ वस्तू, मानपानाचे आहेर आणि गाडी-जेवण. प्रत्येक रकान्यापुढे रक्कम लिहा आणि ती कोठून येणार तेही लिहा. सोयाबीन किती, तूर किती, शिल्लक किती. ज्या रकमेपुढे काहीच लिहिता येत नाही, ती रक्कम तुमची नाही असे समजा.

पीककर्जाला हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्य यांच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. तेच पैसे बस्त्यात गेले आणि मुदत हुकली की सवलत जाते आणि पुढच्या कर्जाचीही अडचण होते. मग गावातला हातउसना पैसा येतो. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकायला लहान वाटतो. पण 50 हजारांवर महिन्याला 1500 आणि वर्षाला 18 हजार रुपये नुसते व्याज होते, मुद्दल तसेच राहते.

बस्त्याची तारीख जवळ आली म्हणून सोयाबीन पडेल भावात विकण्याचीही घाई नको. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. आपल्या बाजार समितीत त्याची चौकशी करा.

एक गोष्ट जड मनाने लिहितो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल 2017 मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, आपल्या लग्नाच्या खर्चाचा भार बापावर नको म्हणून जीव दिला. नापिकीने घर खचले होते आणि लग्नाला कर्ज मिळत नव्हते. तेव्हा खर्चाची बोलणी करताना ती मुलीच्या कानावर ओझे म्हणून पडू देऊ नका. उलट तिला कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा. हिशेब मांडायला बसलेली मुलगी स्वतःहून दोन गोष्टी कमी करते आणि तिला काय मनापासून हवे तेही तेव्हाच कळते.

शालू, पैठणी, इरकल

हळदीची पिवळी साडी साधी सुती घ्या. तिच्यावर हळद-तेलाचे डाग पडणारच. मुहूर्ताची साडी मात्र मनाजोगी घ्या. पाच मध्यम साड्यांपेक्षा एक चांगली बरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. मांडवात, होमाजवळ, जड जरीच्या कृत्रिम धाग्याच्या साडीत मुलगी घामाने बेजार होते, कारण हा धागा घाम शोषत नाही. रेशीम किंवा सूत-रेशीम मिश्रण अंगाला सोसते.

पैठणी ही आपल्या मराठवाड्याची, गोदाकाठच्या पैठणची. आज तिचे मोठे विणकाम नाशिक जिल्ह्यातील येवल्यात चालते आणि 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागाची पैठणी ओळखण्याची खूण म्हणजे पदर उलटून पाहणे. मोर, पोपट, वेलबुट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसली पाहिजे. मागे कापलेल्या दोऱ्यांचे जाळे असेल तर ती यंत्रमागाची, म्हणजे बाजारातली ‘सेमी पैठणी’. ती घेण्यात कमीपणा नाही. पण पैसे सेमीचेच द्या.

आजीच्या पेटीत पाहिलेत तर इरकल आणि नारायणपेठ सापडतील. इरकल कर्नाटकातील इलकलची, नारायणपेठ आता तेलंगणात. 1948 पर्यंत आपण आणि नारायणपेठ एकाच हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे ही लुगडी आपल्या घरांत रुळली. आजही सुती-रेशमी इरकल किंवा नारायणपेठ हे शालूपेक्षा पुष्कळ स्वस्त, अंगाला हलके आणि लग्नानंतर दहा सणांना नेसता येणारे वस्त्र आहे.

रेशीम खरे की खोटे हे पाहण्यासाठी पदराच्या टोकाचा एक दोरा दुकानदाराकडून मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. खरे रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सूत कागदासारखे जळते. केंद्रीय रेशीम मंडळाने सुरू केलेले ‘सिल्क मार्क’चे लेबल असेल तर उत्तमच.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. साडी दारापर्यंत आणून दिवसाच्या उजेडात पाहा. म्हणून बस्त्याला सकाळीच निघावे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर आणि नऊवारी सव्वाआठ मीटर भरते. शंका आली तर मोजून घ्या. हल्ली शिवलेली नऊवारी निघाली आहे. नेसायला सोपी, पण एकदा कापून शिवली की ती पुन्हा साडी होत नाही. भारी रेशीम त्यासाठी कापू नका. घागऱ्याची हौस असेल तर तो भाड्याने आणा. फाटके-उसवलेले आधी दाखवून द्या आणि अनामत रकमेची पावती घ्या. ब्लाउज निदान तीन आठवडे आधी शिवायला टाका आणि शिवणीत माया सोडायला सांगा, म्हणजे पुढे अंग भरले तरी तोच ब्लाउज उसवून वापरता येतो.

सोने : टॅग पाहून बियाणे, खूण पाहून दागिना

बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आणि लॉट नंबर पाहिल्याशिवाय आपण पिशवी उचलत नाही. पाच तोळे सोने मात्र ‘सराफ ओळखीचा आहे’ एवढ्यावर घेतो. दागिन्यावर तीन खुणा असाव्यात: भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे-अंक मिळून सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवायच्या हॉलमार्क दागिन्याची विक्री बंद झाली आहे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला हे काम सांगा, ते दुकानातच होते. दोन ग्रॅमच्या आतील वस्तूंना, म्हणजे चमकी किंवा लहान मण्यांना, ही सक्ती नाही. तेथे पक्की पावतीच आधार.

शुद्धतेचा 916 हा आकडा म्हणजे 22 कॅरेट, शंभरात 91.6 भाग सोने. 750 म्हणजे 18 कॅरेट. भाव 22 चा लावून 18 चा माल गळ्यात पडत नाही ना, हे आकड्यावरून कळते.

आता घडणावळ. समजण्यासाठी एक लाखाचे सोने धरू. घडणावळ 12 टक्के लागली तर 12 हजार, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी म्हणजे 3360. दागिना 1 लाख 15 हजार 360 रुपयांना पडला. उद्या मोडायला गेलात तर हे 15 हजार 360 रुपये परत येत नाहीत. 2025-26 च्या 5328 रुपये हमीभावाने ते जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन झाले. म्हणून नक्षीकामाच्या, खड्यांच्या भारी दागिन्यापेक्षा साध्या पाटल्या, साधी एकदाणी चांगली. घडणावळीचा दर दुकानागणिक बदलतो. तीन दुकानांत विचारा आणि कमी करायला सांगा.

बोरमाळेचे मणी लाखेवर सोन्याचा पत्रा चढवून करतात. तिथे एकूण वजन नव्हे, निव्वळ सोन्याचे वजन विचारा. खड्यांचे वजन सोन्याच्या भावात धरू देऊ नका. पावतीवर निव्वळ वजन, कॅरेट, घडणावळ आणि खड्यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. जुने सोने मोडायचे असेल तर घरून निघताना वजन करून न्या आणि घट किती धरली ते लिहून मागा. फोटोपुरती हौस असेल तर ‘एक ग्रॅम’ दागिन्यांचा संच जरूर घ्या. पण तो सोन्याचा नुसता मुलामा आहे, अडीनडीला तो मोडता येत नाही.

जोडवी, पैंजण, हिरवा चुडा, मुंडावळ्या यांची मुलीच्या आईने यादी करावी. चुडा भरताना कासाराकडून चार बांगड्या जास्तीच्या घ्या. नवी चप्पल आठ दिवस आधी घरात वापरायला द्या.

मानपानाच्या साड्या

बस्त्यात सर्वांत जास्त पैसा कोठे मुरतो? नवरीच्या साडीत नव्हे, मानपानाच्या गठ्ठ्यात. स्वस्तातल्या पन्नास साड्या, टॉवेल-टोप्या, आणि नेसत कोणीच नाही. तीच साडी तीन लग्ने फिरून कधी कधी मूळ घरी परत येते. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बैठकीतच ठरवावे, की आहेर फक्त जवळच्या माणसांना. बस्त्याला दोन गाड्या भरून माणसे नेण्याऐवजी मुलगी, दोन्हीकडच्या आया आणि एखादी जाणती आत्या-मावशी एवढी पुरेत. साध्या लग्नाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी पहिला विवाह अगदी थोड्या खर्चात लावला होता.

यादी करा, सही घ्या

मुलीला दिलेली वस्त्रे आणि दागिने हे तिचे स्त्रीधन. ते सासरच्या कपाटात असले तरी मालकी तिचीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये दिला आहे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आणि भेटवस्तूंच्या यादीचा नियम 1985 चा आहे. त्याप्रमाणे वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून वधू-वरांच्या सह्यांनिशी यादी ठेवायची असते. ही यादी आणि सराफाच्या पावत्या यांची एक प्रत मुलीपाशी, एक माहेरी असू द्या. सातबारा आपण जपून ठेवतो, तसाच हाही कागद. आणि ‘अमुक तोळे घालाच’ अशी मागणी आली, तर तो बस्ता राहत नाही, हुंडा होतो. तो मागणेही गुन्हा आणि देणेही.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. आधी आकडा लिहा. पीककर्ज बस्त्यात घालू नका.
2. साडी उजेडात पाहा, पदर उलटून पाहा, दोरा जाळून पाहा.
3. दागिन्यावर तीन खुणा, हातात पक्की पावती.
4. मानपान कमी, मुलीची पसंती आधी.
5. स्त्रीधनाची यादी सह्यांनिशी.
6. लग्नानंतर रेशमी साडी प्लॅस्टिकमध्ये न ठेवता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

बियाणे, खत आणि पहिल्या कोळपणीची मजुरी बाजूला काढून जो बस्ता होतो, तोच आपल्या ऐपतीचा बस्ता. त्यात नेसवलेली एक इरकलही मुलीला शोभून दिसते, आणि मृगाचा पाऊस पडला की बापाला तिफण घेऊन निश्चिंतपणे शेतात जाता येते.